दरवानाचा तिसरा ठोका

मंजुळेची खुर्ची दुकानाच्या तोंडाशी होती आणि पाठ मशीनकडे. ही मांडणी तिच्या भावाची, राघोची. बाईमाणूस टक लावून बघत बसलं की पोरांना खेळताना अवघडल्यासारखं होतं, असं त्याचं म्हणणं. शिवाय तिने रस्त्यावर लक्ष ठेवावं, कॉइनं द्यावीत, अडकलेलं कॉइन चिमट्याने काढावं, एवढंच तिचं काम. कळव्याच्या नाक्यावरचं ते दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. त्यात तीन मशीन. एक गाड्यांच्या शर्यतीचं, एक फुटबॉलचं आणि मधलं किल्ल्याचं. किल्ल्याच्या मशीनवर नाव होतं, पण ते कुठल्याशा परक्या लिपीत असल्यामुळे कुणाला वाचता येत नसे.

गर्दी असायची ती या मधल्याच मशीनपाशी. खेळ सोपा दिसायचा. एक तलवारवाला चालत चालत किल्ल्याच्या दारापाशी येतो. दारात हातोडा घेतलेला दरवान उभा असतो. त्याला पाडलं की दार उघडतं. पण पाडणार कोण? दरवान हातोडा जमिनीवर तीनदा आपटायचा, मग हातोड्याची साखळी सुटून गरकन फिरायची आणि तलवारवाला आडवा. कॉलेजातली पोरं, रिक्षावाले, खाडीवरून मासे विकून परतणारे तरणे कोळी, सगळे तिथे येऊन मरायचे. दोन वर्षांत ते दार एकदाही उघडलं नव्हतं.

ते का उघडत नाही हे मंजुळेला ठाऊक होतं. महिन्यातून एकदा कल्याणहून तानाजी मेकॅनिक यायचा. मशीनचं मागचं फळकूट काढलं की आत बोटाच्या पेराएवढी पांढरी बटणं एका ओळीत दिसत. ती कशी खालीवर केली म्हणजे दरवान किती बळकट होतो, हे राघो त्याच्याकडून करून घ्यायचा. "पयलाच पार झाला तर पोरगा एका कॉइनवर अर्धा तास उभा राहील," राघो म्हणायचा. "मग मी काय खाऊ?"

मंजुळेचा जन्म पन्नास सालचा, खाडीकाठच्या आगरी घरातला. बाप मिठागरात राबायचा आणि थोडी भातशेतीही होती. पावसाळा सरला की मिठाचे वाफे पायांनी तुडवून घट्ट करायचे. बायामाणसं, पोरं एका रांगेत उभी राहात आणि मुकादमाच्या हाळीवर सगळ्यांचे पाय एका ठेक्यात पडत. सहा वर्षांची असल्यापासून मंजुळा त्या रांगेत होती. अठराव्या वर्षी शहाडच्या एका गिरणी कामगाराशी तिचं लग्न झालं. मूल झालं नाही. एक्याऐंशी साली नवऱ्याने दुसरी आणली आणि मंजुळेची पेटी दाराबाहेर ठेवली. तेव्हा राघो स्वतः शहाडला गेला, पेटी खांद्यावर घेतली, आणि वाटेत एक अक्षर न बोलता बहिणीला घरी घेऊन आला. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं, असं मंजुळेला पुढे वाटायचं. न बोललेल्या उपकाराला उत्तर देता येत नाही.

बारा वर्षं ती भावाच्या घरी राहिली. भाकऱ्या थापल्या, भावजयीची तीन बाळंतपणं काढली, आईचे पाय चेपले. झोपायला जागा होती ती तांदळाच्या कणगीशेजारच्या बोळात. त्या बोळाला दार नव्हतं. येणाजाणाऱ्याचा पाय लागायचा.

त्र्याण्णव साली बिल्डर दारी आला. बापाच्या शेतात सात मजली इमारती उठणार होत्या. बाप मरून दहा वर्षं झाली होती. सातबाऱ्यावर आई आवडाबाईचं नाव होतं, राघोचं होतं आणि मंजुळेचंही. गावची रीत ठरलेली. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने भाऊबीजेला चांगलं लुगडं द्यायचं, आणि माहेर शाबूत राहायचं. गावात दोघीतिघींनी सही केली नव्हती. त्यांना पुढे सणावाराला कुणी बोलावलं नाही. एकीला तर तिची आई गेली तेव्हा दारातूनच परत पाठवलं.

गणपतीचा पाचवा दिवस. दुपारी राघो कागद घेऊन दुकानात आला. किल्ल्याच्या मशीनवर कान्हा रिक्षावाला होता. नेहमीसारखा मरत होता आणि मशीनला शिव्या देत होता.

"ताई, यावर सही लागेल. वकील नौपाड्यात बसतो. शुक्रवारी जाऊन येऊ."

मंजुळेने कागद वाचला. चौथीपर्यंत शिकली होती, सावकाश का होईना, वाचता येत होतं. मग म्हणाली, "करीन की सही. पण राघो, हा गाळा माझ्या नावावर कर."

"गाळा?"

"दुसरं काय नको मला. जमीन नको, पैसा नको. एक दार पायजे, आतून कडी लावता येईल असं. मागच्या बाजूला अंथरूण टाकीन, पुढं दुकान चालवीन."

राघो भाऊ म्हणून वाईट नव्हता, पण बघे असले की त्याच्या अंगात यायचं. कान्हाने मान वळवलेली त्याने बघितली आणि तो हसला. "दार पायजे? तो बघ, दरवान उभाय दारात. त्याला पाड. ज्या दिवशी तू ते दार उघडशील ना ताई, त्या दिवशी गाळा तुझा."

"शेठ, चार मानसांत बोललात हां!" कान्हा ओरडला. "उद्या फिरवाल शब्द."

"ए, राघोचा शब्द हाय! लिहून ठेव तुझ्या रिक्षावर."

सगळे हसले. मंजुळा हसली नाही. तिने कागदाची घडी घातली आणि विचारलं, "कधीपर्यंत?"

"घे ना, भाऊबीजेपर्यंत घे. ओवाळणीतच टाकतो किल्ली."

दुसऱ्या दिवसापासून दुपारी एक ते चार, नाका ओस पडला की मंजुळा खुर्ची सोडून मशीनसमोर उभी राहू लागली. कॉइनच्या पेटीची किल्ली तिच्याकडेच असायची आणि पेटीत आत तपासणीसाठी एक छोटं बटण होतं. ते दाबलं की कॉइनशिवाय खेळता येई. तानाजीने ते दाखवून ठेवलं होतं. पहिले आठ दिवस दांडी कुठे ढकलते आणि माणूस कुठे जातो याचाच मेळ बसेना. दरवानापर्यंत पोचायलाच दसऱ्याचा आठवडा उजाडला.

पण एक गोष्ट तिला येत होती जी कान्हाला येत नव्हती. दोन वर्षं ती या मशीनकडे पाठ करून बसली होती. तिने दरवान बघितला नव्हता, ऐकला होता. धप्, धप्, धप्, मग साखळीची खर्र आणि मग माणूस मेल्याचा तो केविलवाणा आवाज. हा क्रम तिच्या कानात मुरलेला होता. डोळे त्या हातोड्याला भ्यायचे, कान भीत नव्हते. आणि असंच एका दुपारी तिच्या ध्यानात आलं. तिसरा ठोका पडला की जो तो मागे सरतो. घाबरून मागेच सरणार. आणि साखळी नेमकी तेवढ्याच अंतरावर फिरते. मागे गेलेला मरतो. तिसऱ्या ठोक्याला पुढे जायचं, अगदी दरवानाच्या गुडघ्यांना भिडायचं. तिथे साखळी पोचत नाही. दोन वार करायचे आणि पुढच्या पहिल्या ठोक्याआधी बाहेर.

हे कळणं वेगळं आणि हाताने करणं वेगळं. बोटं पुढे ढकलायची वेळ आली की आपोआप मागे ओढायची. पुन्हा पुन्हा मरत ती उभी राही. दरवानाच्या डोक्यावर त्याच्या जिवाची लाल पट्टी असे. ती तिने अर्धी केली, मग पाव केली, मग बोटभर उरवली. पूर्ण कधी संपली नाही.

या सगळ्यात सही राहिली होती. बिल्डरला घाई होती. राघो आता रोज विचारू लागला. शेवटी आवडाबाईने लेकीला जवळ बसवलं.

"बाय गो, भावाला अडवू नको. शहाडला कोन आला होता तुला आनायला? कोन गो?"

"आई, त्याने गाळा देतो म्हटलंय."

"मंग देल ना! चार मानसांत बोलला तो. भाऊ हाय तुजा, वैरी नाय. तू आधी सही दे, तो मागून गाळा देल. तू आधी मागशील त भावाचा इस्वास नाय असा होईल."

वकिलाकडे दोन्ही कागद एकाच दिवशी करू, एवढं एक वाक्य मंजुळेने बोलायला हवं होतं. ते तिच्या तोंडाशी आलं आणि आईकडे बघून तिने गिळलं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी नौपाड्यातल्या वकिलाच्या ऑफिसात तिने तीन ठिकाणी सही केली. वकिलाने विचारलं, "बाई, स्वखुशीने ना?" ती म्हणाली, "हो." परतताना राघोने तिला लस्सी पाजली. "ताई, तू माझी लाज राखलीस," म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरले होते.

भाऊबीज सोमवारी होती, पंधरा नोव्हेंबर. त्याच्या आदल्या दिवशी, पाडव्याला, दुकान बंद होतं. मंजुळा खाडीच्या बाजूने नारळ घेऊन परतत होती, तेव्हा तिला दुकानाचं शटर अर्धं वर दिसलं. आत राघो बॅटरी धरून उभा होता आणि तानाजी मशीनच्या मागे उकिडवा बसला होता. ती थांबली नाही. सणाला कोणता मेकॅनिक काम करतो, एवढंच तिच्या मनात आलं आणि तिने ते बाजूला सारलं.

सोमवारी सकाळी दहा वाजता दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. कान्हाने सगळ्या रिक्षा स्टँडला सांगितलं होतं. आवडाबाई खुर्चीवर बसली होती. भावजय ओवाळणीचं ताट घेऊन कोपऱ्यात उभी होती. राघोने नवा सफारी घातला होता. त्याने स्वतः कॉइन टाकलं आणि म्हणाला, "हं ताई, तीन चान्स."

मंजुळेने पदर खोचला. दारापर्यंत ती नीट पोचली. दरवान आला, हातोडा उचलला आणि पहिल्या दोन ठोक्यांतच तिला कळलं. ठेका बदललेला होता. दीडपटीने जलद. तिसरा ठोका पडला न पडला तोच साखळी सुटली. पहिला चान्स गेला.

"आक्का, हळदीकुंकू नाय ते!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने मान वळवून राघोकडे बघितलं. राघो छताच्या पंख्याकडे बघत होता.

दुसरा चान्सही गेला. लाल पट्टी अर्ध्यावरच होती. कान्हाने "च्यायला!" म्हणून मांडीवर थाप मारली. आवडाबाई म्हणाली, "असू दे गो, घरी चल."

मंजुळेने डावा हात लुगड्याला पुसला. वाफे तुडवताना कधी मागाहून भरती चढायची. पाणी बांधाशी आलं की मुकादम हाळी वाढवायचा आणि रांगेने पाय दुप्पट उचलायचे. सहा वर्षांच्या पोरीला तो ठेका पायाने धरायला लागायचा, डोक्याने नाही. डोक्याने धरू जाल तर पाय चुकतो आणि शेजारच्याच्या पायाखाली येतो. तिने उजव्या पायाच्या अंगठ्याने फरशीवर ठेका धरला. धप्, धप्, पुढे. दोन वार. बाहेर. धप्, धप्, पुढे. पट्टी पाव उरली, बोटभर उरली, नखाएवढी उरली. एकदा साखळी तिच्या माणसाच्या डोक्यावरून गेली. धप्, धप्, पुढे. एक वार.

दरवान गुडघ्यांवर आला आणि कोसळला. मशीनमधून कधी न ऐकलेली वाद्यं वाजू लागली. दाराच्या फळ्या हळूहळू वर उचलल्या जाऊ लागल्या आणि तिचा तलवारवाला आपण होऊन आत चालू लागला. आतला उजेड दिसणार तेवढ्यात पडदा काळा झाला.

राघोने भिंतीवरचं मेन बटण बंद केलं होतं.

"चला चला, ओवाळायचा मुहूर्त टळतो," तो म्हणाला. "ताई, कमाल केलीस. कान्हा, टाळ्या वाजवा रे!"

टाळ्या वाजल्या. भावजयीने ताट पुढे केलं. मंजुळेने भावाला कुंकू लावलं, ओवाळलं. राघोने सफारीच्या खिशात हात घातला आणि ताटात मूठ उघडली. किल्ली नव्हती. दुकानाचीच, मशीनमध्ये टाकायची पितळी कॉइनं होती, दहाबारा.

"घे. जन्मभर फुकट खेळ!"

आधी एक हसला, मग सगळे हसले. लुगडं भावजयीच्या हातात होतं, हिरवं, चांगलं. तेही ताटात आलं.

"राघो, गाळा?" मंजुळेने विचारलं.

"अगं ताई, थट्टा होती ती. गेमवर कोण गाळा लावतो का? लोक काय म्हणतील?"

"थट्टा होती तर काल तानाजीला का बोलावलंस?"

राघोचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला. कान्हा मशीनच्या मागच्या फळकुटाकडे बघू लागला. मग आवडाबाई खुर्चीवरून उठत म्हणाली, "सनाच्या दिवशी कशाला भांडता? शाप लागेल घराला. चला." कान्हा बाहेर गेला, त्याने रिक्षा सुरू केली. चार माणसांत दिलेला शब्द होता, आणि ती चार माणसं जेवायला आपापल्या घरी गेली.

मंगळवारी नेहमीच्या वेळी मंजुळेने शटर वर केलं. कॉइनं गल्ल्यात टाकली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते कान्हाच. तोंड चुकवत होता. किल्ल्याच्या मशीनपाशी गेला. पाठमोऱ्या मंजुळेला पहिला ठोका ऐकू आला, दुसरा आला.

"पुढे जा," ती रस्त्याकडे बघत म्हणाली.

"आं?"

"मागे सरू नको. त्याच्या गुडघ्याला लाग. दोन वार आणि बाहेर."

कान्हाला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी मंजुळेला पाठीमागे ती वाद्यं ऐकू आली आणि कान्हा ओरडत नाचू लागला. ती वळली नाही. त्याने दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि ज्याला जमत नव्हतं त्याला मंजुळा तशीच पाठमोरी सांगायची, न कंटाळता, ज्याचा हात जसा असेल तसं. संक्रांतीपर्यंत कळव्यातला शेंबडा पोरगाही दरवान पाडत होता. तानाजी दोनदा येऊन बटणं बघून गेला. ती पाडव्यापासून शेवटच्या टोकालाच होती, आणखी सरकायला जागा नव्हती. एकेक जण एका कॉइनवर अर्धा अर्धा तास उभा राहू लागला. बाकीचे कंटाळून निघून जात. कोणी मरत नाही म्हटल्यावर बघायलाही कोणी थांबेना. शिमग्याला राघोने तिन्ही मशीन विकली आणि गाळा भाड्याने दिला.

"माझ्या पोटावर पाय दिलास तू," तो म्हणाला. आता बघे नव्हते, आवाज खालचा होता. "शहाडहून मी तुला याच्यासाठी आणलं?"

शेवटी बोलून दाखवलं त्याने. मंजुळेला वाटलं होतं, उत्तर सुचेल. सुचलं नाही. ती म्हणाली, "मी फक्त वाट सांगितली लोकांना." आणि पेटी भरायला घेतली. या वेळी ती उचलायला कोणी आलं नाही. हिरवं लुगडं तिने घडी न मोडता भावजयीच्या कपाटात ठेवलं.

त्यानंतर ती नौपाड्यात एका दवाखान्यात झाडलोट आणि आयाचं काम करू लागली. राहायला दवाखान्याच्या मागची खोली मिळाली. तिला दार होतं, पण कडी बाहेरूनच होती. रात्री तिथे ठेवलेल्या औषधांसाठी कंपाउंडरला आत यावं लागे. सत्त्याण्णव साली आवडाबाई गेली. निरोप तिसऱ्या दिवशी आला.

अठ्ठ्याण्णवच्या मार्च महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तिला डोंबिवलीला एका पेशंटकडे पाठवलं होतं. काम संपवून ती स्टेशनाकडे चालली होती, तेव्हा एका बोळातून तिला आवाज आला. धप्, धप्, धप्. खर्र. तिचा पाय थांबला. आत चारपाच मशीन होती आणि गल्ल्यावर तानाजी बसला होता. केस पांढरे झाले होते. त्याने तिला ओळखलं आणि उभा राहिला.

"ताई! या, बसा. तुमचंच मशीन आहे बघा ते. राघोशेठकडून मीच घेतलं होतं." मग म्हणाला, "त्या दिवशी पाडव्याला... ते शेठनी सांगितलं म्हणून केलं हो मी."

"माहीत आहे."

"खेळता का? कॉइन माझ्याकडून."

मशीनवर एक तरुण उभा होता. तिसऱ्या ठोक्याला तो मागे सरला आणि मेला. त्याने मशीनला लाथ मारली, दुसरं कॉइन टाकलं. मंजुळा त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाट मात्र सांगितली नाही.

"तानाजी, त्या दारापलीकडे काय होतं रे? मी बघितलंच नाही कधी."

"पलीकडे? काय नाही ताई. थोडं चालायचं, मग दुसरं दार. तिथे परत हाच उभा असतो. तोच दरवान. फक्त अंगरख्याचा रंग लाल केलाय."

मंजुळेने मान हलवली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बोळाबाहेर पडली. मागे तो तरुण तिसऱ्यांदा मेला.